दहावा शब्द

मी रब्बी नाही. हे आधीच सांगून टाकतो. या अंकाच्या संपादकांनी फोनवर तीनदा मला 'रब्बीसाहेब' म्हटलं, मी तीनदा दुरुस्त केलं आणि चौथ्यांदा नाद सोडला. मागे एका पेपरवाल्यानं माझा फोटो छापला होता, खाली ओळ होती 'हिंगोलीतील ज्यू धर्मगुरू'. फोटोत मी ओट्यावर मेथी निवडत बसलोय. म्हणे धर्मगुरू! माझी सगळी नोकरी एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून गेली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल हे भोंग्यातून ओरडून सांगायचं, आणि लोकांच्या शिव्या खायच्या. धर्माचं काम मी सुट्टीच्या दिवशी केलं.

रब्बी शिकून होतो. त्याला पदवी असते, कोट असतो. हजान अडून होतो. ज्याला हिब्रू अक्षरं वाचता येतात आणि ज्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, असा माणूस गावात सापडला की लोक त्याच्या हातात पुस्तक देतात; तो हजान. माझे वडील गेले त्या आठवड्यात ते पुस्तक माझ्या हातात आलं. कुणी विचारलं नाही, शिमशोन, जमेल का रे तुला? सगळे जेवून गेले, पुस्तक राहिलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळचे कोकणातले, तेलाच्या घाण्यावर पोट भरणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. माझे पणजोबा शिपाई म्हणून हिंगोलीच्या छावणीत आले. पुढं पलटण गेली, पणजोबा राहिले. आता हिंगोलीत आमची तीन घरं आहेत, वसमतला एक, परभणीला दोन, नांदेडला एक. सात घरांचा समाज. आमचं प्रार्थनामंदिर म्हणजे माझी पुढची खोली. शुक्रवारी सांजच्याला टीव्हीवर चादर टाकायची, तेलाचा दिवा लावायचा, काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत पेल्यात ओतायचं, की झालं मंदिर. आणि मीच प्रार्थना म्हणणार, कोंबडी आमच्या रीतीनं कापून देणार, लग्न जुळवणार, मढं धुणार. यातलं मढं धुवायच्या कामाला कधी कुणी स्पर्धा केली नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. तहसीलमधला कारकून दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'इतर' लिहायचा. मी म्हणालो, भाऊ, आमच्या धर्माला नाव आहे. तो म्हणाला, "नाव असंल काका, पन कम्प्युटरमदी न्हाई." मोंढ्यातला एक हळदीचा अडत्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. त्यानं कुठंतरी ऐकलं होतं की आमच्या लोकांचं व्यापारात लई डोकं असतं. "एखादा मंत्र सांगा शिमसनभाऊ, भाव पडून राहिले." मी त्याला माझी पगाराची चिठ्ठी दाखवली. पेढे मात्र ठेवून घेतले. परदेशातलं एक जोडपं आलं, आमच्याबद्दल पुस्तक लिहिणार होतं. त्यांना माझ्या घरात काहीतरी जुनं पाहिजे होतं. जुनं असं माझं शौचालयच होतं, त्याचा फोटो त्यांनी घेतला नाही.

पण ही सगळी परकी माणसं, अज्ञानी, त्यांना माफ आहे. आपली माणसं जास्त तकलीफ देतात. परभणीचं एक घर दहा वर्षं सणाला फिरकलं नाही, आणि पोराचं इस्राएलला जायचं ठरलं त्या आठवड्यात नवरा-बायको दोघं फळांची टोपली घेऊन हजर. काहून? तर तिकडं जायला 'हे कुटुंब यहुदी आहे' असं हजानचं पत्र लागतं. पत्र दिलं. पोरगा गेला, टोपल्या थांबल्या. गरज सरो वैद्य मरो, ही म्हण काही फक्त वैद्यांसाठी नाही.

आणि या सगळ्यांच्या वर ठाण्याची समिती. मुंबई-ठाण्याकडं आमची माणसं बरीच, तिथं मंदिरं आहेत, ट्रस्ट आहेत, आणि ट्रस्ट आला की सेक्रेटरी आलाच. या सेक्रेटरीसाहेबांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते छापून आलेलं आवडेल. ते तिकडं बसून आमच्या सात घरांची काळजी करतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर त्यांची पत्रं वाचावीत. 'आपल्या केंद्रातील युवक-शिबिराचा अहवाल पाठवावा.' आमच्या केंद्रातला सगळ्यात तरुण युवक तेव्हा पन्नाशीचा होता.

आता जी गोष्ट सांगायची त्यासाठी आमचा एक नियम समजून घ्यावा लागेल. घरात एकट्यानं प्रार्थना करायला कुणाची बंदी नाही. पण काही प्रार्थना अशा आहेत की तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष हजर असल्याशिवाय म्हणताच येत नाहीत. मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती कडीश त्यातलीच. नऊ असले तर पुस्तक मिटायचं. नऊ महापंडित असले तरी मिटायचं, आणि दहा गाढवं असली तरी उघडायचं.

आणि हे दहा मोजायचे कसे, तर मोजायचेच नाहीत. आमच्यात माणसांना एक, दोन, तीन करत नाहीत. मेंढरं मोजावीत, हळदीची पोती मोजावीत, माणूस मोजू नये. त्यासाठी वडिलांनी मला दहा शब्दांचं एक हिब्रू वाक्य शिकवलं होतं. एकेकाच्या डोक्यापाशी हात न्यायचा आणि एकेक शब्द म्हणायचा. वाक्य पुरं झालं तर माणसं पुरली. शब्द उरला तर एवढंच कळतं की वाक्य अर्धं राहिलं. मान खाली घालून म्हणायचं, चेहरे पाहायचे नाहीत, कारण देवापुढं कोण लहान कोण मोठा ते आपण ठरवायचं नसतं. डेपोत दिवसभर 'बासष्ट सीट, अकरा उभे' करणाऱ्या मला ही पद्धत भारी आवडायची.

वसमतचे दाऊद मास्तर वारले तेव्हा श्रावण होता आणि कयाधूला पूर होता. मास्तर शाळेतून रिटायर झालेले, त्यांची बायको मिरियमबाई सरकारी दवाखान्यात नर्स. आमचं कब्रस्तान हिंगोलीला. पलटणीच्या काळापासूनचा, बाभळींनी वेढलेला दोन-चार गुंठ्यांचा तुकडा. मास्तरांना सकाळीच अलीकडं आणलं होतं. परभणीचे दोघं मागून येणार होते, ते पुलापलीकडं अडकले. आमच्यात बायका सहसा कब्रस्तानात येत नाहीत. मिरियमबाई आल्या होत्या. त्यांना कोण अडवणार? मोठमोठे डॉक्टर त्यांना घाबरायचे.

पाऊस अंगावर येत होता. सगळ्यांनी डोक्यावर पांढरे रुमाल बांधलेले. मी मान खाली घातली आणि शब्द म्हणत निघालो. दहावा शब्द बराबर एका डोक्यावर पडला. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, परभणीवाल्यांपैकी एक तरी पोचला. वर पाहिलं तर रुमालाखाली थावरू राठोड.

थावरू आमच्या डेपोचा ड्रायव्हर, कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा. शाळा लहानपणी सुटलेली. आठवी पास असल्याशिवाय ड्रायव्हरची नोकरी नाही, म्हणून दाऊद मास्तरांनी या बाप्याला दोन मुलांचा बाप झाल्यावर परीक्षेला बसवलं होतं. तो मास्तरांना शेवटचं पाहायला आलेला. सगळ्यांनी डोकं झाकलेलं पाहिलं, त्यानंही झाकलं, आणि ओळीत उभा राहिला.

मी पुस्तक हातात धरून उभा. काय करावं कळेना. आठ माणसं माझ्याकडं पाहत होती. तेवढ्यात मागून मिरियमबाईंचा आवाज आला, वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना दटावायच्या तसाच.

"वाच की. काहून थांबलास?"

"बाई, ते..."

"मला डोळे हायेत शिमशोन. शब्द पुरले ना? वाच."

मी वाचलं. थावरूनं इतरांच्या ओठांकडं पाहून जिथं सगळे 'आमेन' म्हणाले तिथं 'आमेन' म्हटलं, जरा मागून, पण सगळ्यांत मोठ्यानं. त्याच्या गळ्यात ड्रायव्हरचा आवाज होता, पावसातसुद्धा पलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल.

त्यानंतर हे चालूच राहिलं. मास्तरांच्या वर्सीला थावरू आला. किप्पूरला, म्हणजे आमच्या उपासाच्या, दार लावून आत बसायच्या सणाला, तो रजा टाकून आला आणि दिवसभर पाणीसुद्धा न पिता बसला. मी म्हटलं, तुला उपासाची गरज नाही. तर म्हणे, "समदे उपाशी आन् मी एकटा ढेकर देऊ?" माझ्या बायकोनं त्याला एक पांढरी टोपी शिवून दिली. पुढं पुढं त्याला कडीश पाठ झाली, शब्दन् शब्द. अर्थ माहीत नाही. तसा आमच्यातल्या अर्ध्यांना तरी कुठं माहीत आहे! नांदेडवाले तर वीस वर्षं चुकीच्या ठिकाणी उठून उभे राहायचे, आणि थावरू त्यांचा सदरा ओढून खाली बसवायचा.

बावीस वर्षं असं चाललं. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. मी दर वेळी मान खाली घालून शब्द म्हणत गेलो आणि ते दर वेळी पुरत गेले.

मग दोन वर्षांपूर्वी ऐन वैशाखात सेक्रेटरीसाहेब एका रब्बींना घेऊन आले. परदेशातून आलेला तिशीतला पोरगा, अंगात काळा कोट, आणि हिंगोलीचं ऊन! त्या बिचाऱ्याचा कोट भिजून पाठीला चिकटला होता, पण त्यानं काढला नाही. त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्याला जे शिकवलं ते तो बोलला. त्याचं इंग्रजी मराठीत करून सांगणारे सेक्रेटरीसाहेब मात्र प्रत्येक वाक्याला फोडणी घालत होते.

आधी मला शाल आणि नारळ दिला. 'मान्यताप्राप्त हजान' असं लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. मी फुगलो. खोटं कशाला बोलू, सत्तरीच्या माणसाला शाल पांघरली की तो फुगतोच. मग रब्बी माझ्या खोलीत जमलेल्या एकेकाला नाव विचारत गेला. शालोम. रूबेन. एझिकेल. आणि शेवटी पांढऱ्या टोपीतला माणूस उभा राहिला, डेपो मॅनेजरपुढं राहायचा तसा ताठ.

"थावरू राठोड. रिटायर ड्रायव्हर, हिंगोली डेपो."

सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रब्बीनं शांतपणे चार प्रश्न विचारले आणि मी चार उत्तरं दिली. किती वर्षं? बावीस. कधी कधी? वर्सीला, किप्पूरला, मयताला. त्याच्याविना दहा भरायचे का? क्वचित. तो हळू आवाजात काहीतरी बोलला. सेक्रेटरीसाहेबांनी ते खणखणीत मराठीत सांगितलं.

"म्हणजे या बावीस वर्षांतली एकही कडीश धरता येणार नाही. झालीच नाही असं समजा. आणि यापुढे हा प्रकार झाला तर तुमचं नाव हजानांच्या यादीतून काढावं लागेल. मग तुमच्या पत्रावर कुणाचंही काम होणार नाही, विचार करा."

मी विचार केला. फार वेळ लागला नाही. खांद्यावर शाल होती.

दुसऱ्या दिवशी थावरूला डेपोसमोरच्या हॉटेलात बोलावलं. चहा सांगितला, भजी सांगितली. भजी सांगितली म्हणजे वाईट बातमी आहे हे त्यानं ओळखलं. मी गोल गोल बोलत राहिलो. नियम असतो, वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. गाडी रद्द झाल्यावर पॅसेंजरला सांगायचो तेच सगळं.

"बराबर हाय शिमसनभाऊ," तो म्हणाला. "तुमचा नियम हाय. मी कोन बोलनारा?"

चार दिवसांनी त्यानं टोपी परत आणून दिली. धुवून, इस्त्री करून, पेपरात गुंडाळून. बायकोनं ती कपाटात ठेवली आणि माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मग मिरियमबाईंना सांगायला वसमतला गेलो. ऐंशी पार केलेली बाई, गुडघे गेलेले, डोकं शाबूत. उन्हात खाटेवर बसून शेवया मोडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला.

"म्हंजे मास्तरसाठी वाचलेलं पोचलं न्हाई म्हनतोस?"

"मी न्हाई बाई, रब्बी म्हणतात."

"रब्बी व्हता का त्या पावसात? तू व्हतास. वाचलंस तू. तू सांग, पोचलं का न्हाई?"

मी म्हणालो, ते शिकलेले लोक आहेत, त्यांना जास्त कळतं. आयुष्यात मी बऱ्याच फालतू घोषणा केल्या, पण इतकी फालतू एकही नाही. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माजं आयुष्य सलाईन लावन्यात गेलं. ते पोचलं का न्हाई हे लावनाऱ्याचं तोंड बगून कळत न्हाई, पेशंटची नाडी बगून कळतं. बावीस वर्सं मी मास्तरच्या नावानं शांत झोपले. म्हंजे पोचलं. आन् काय रं, मी बाई म्हनून धरायची न्हाई, तो थावरू म्हनून धरायचा न्हाई. मंग ऱ्हायलं कोन? तुजी समिती?"

मी उठायला लागलो. त्यांनी सदरा धरून खाली बसवलं.

"आईक. माज्या येळंला थावरू पायजे. मास्तरला ज्यानं पोचवलं त्यानंच मला पोचवायचं. तो नसंल तर पुस्तक उगडू नको. मला अर्धवट काम आवडत न्हाई."

"बघू बाई."

"बगू म्हंजे न्हाई. मला ठाव हाय तुजं बगू."

दोन वर्षं गेली. दोन किप्पूर आम्ही नऊ जण माझ्या खोलीत बसलो. शब्द म्हणत गेलो आणि शेवटचा शब्द दर वेळी माझ्या तोंडातच राहिला. मास्तरांच्या दोन वर्सींना पुस्तक मिटलेलंच राहिलं, आणि दोन्ही वेळी मिरियमबाई दाराशी खुर्चीत बसून माझ्याकडं पाहत होत्या. समितीला तीन पत्रं टाकली की दहावा माणूस पाठवा. उत्तर आलं, 'आपला विषय विचाराधीन आहे.' बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

यंदा चैत्रात, शेतांतून हळद उकडून वाळत घातलेली, त्या दिवसांत सकाळी सकाळी मिरियमबाई गेल्या. त्यांचा मुलगा एझिकेल आईजवळच होता. आमच्यात मयत ठेवत नाहीत, त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत माती द्यायची. मी समितीला कळवलं, कारण कळवायचा नियम. काय योग पाहा, सेक्रेटरीसाहेब दोन माणसांसह अकोल्याला कुठल्याशा सत्काराला आलेले. त्यांचा आवाज एकदम भरून आला.

"हजानसाहेब, काळजी करू नका. दहावा नव्हे, बारा करतो. आम्ही येईपर्यंत थांबा. आणि लक्षात आहे ना, काही भलतंसलतं नको."

आम्ही थांबलो. बायकांनी बाईंना धुतलं, पांढऱ्या कापडात घेतलं, आम्ही कब्रस्तानात आणलं. दोन वाजता फोन केला, वाशीम आलं. तीनला केला, निघतोच आहोत. चारला केला तर मागं भांड्यांचा आवाज आणि कुणीतरी ओरडतंय, शेवभाजी दोन! साहेब कनेरगाव नाक्यावर ढाब्यात बसले होते. "जेवण येतंय, उपाशी माणसं काय प्रार्थना करणार?" किप्पूरला पाण्याचा थेंब न घेणारा ड्रायव्हर मला आठवला.

तो तिथंच होता. एझिकेलनं त्याला आईची बातमी दिली होती. दुपारीच तांड्यावरून आलेला, पण कुंपणाच्या आत नाही. फाटकाबाहेर बाभळीच्या सावलीला डोक्यावर टॉवेल टाकून उकिडवा बसलेला. आमची नजरानजर झाली की तो दुसरीकडं पाहायचा. मी त्याला दोन वर्षांत चहाला बोलावलं नव्हतं.

सहा वाजले. ऊन खाली आलं. एझिकेल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, आता आनखी किती येळ? आईला असं उन्हात..." खड्ड्याच्या कडेला बाई पांढऱ्या कापडात आडव्या होत्या. त्या उठून म्हणतील की काय असं वाटलं, काहून थांबलास?

आम्ही त्यांना खाली ठेवलं, प्रत्येकानं माती लोटली. माझा हात खिशात गेला. घरून निघताना बायकोनं न बोलता खिशात काहीतरी घातलं होतं. पेपरात गुंडाळलेली ती टोपी. मी एकेकाच्या डोक्यापाशी हात नेत शब्द म्हणायला लागलो. माणसं संपली, शब्द एक राहिला. मी तसाच फाटकाकडं चालत गेलो.

"ऊठ."

थावरू उठला नाही. "सायेब लोक येऊन राहिले ना?"

"येऊ दे."

"तुमचं नाव कापतील शिमसनभाऊ."

"कापू दे. बाईनं सांगितलंय, तू नसशील तर पुस्तक उघडायचं नाही. ऊठ लवकर, ऊन चाललं."

त्यानं टॉवेल काढून खांद्यावर टाकला. मी त्याच्या डोक्यावर टोपी घातली आणि तिथंच फाटकात, पहिल्यांदा मान वर करून, त्याच्या तोंडाकडं पाहत दहावा शब्द म्हटला. तो ओळीत येऊन उभा राहिला. एझिकेलनं आईसाठी कडीश म्हटली. मध्येच हुंदका आला आणि तो अडला, तेव्हा पुढचे दोन शब्द थावरूनं हळूच सांगितले. मग आमेन, तो ड्रायव्हरचा आवाज, सगळ्यांच्या आधी. मला रडू आलं. दोन वर्षं माझ्या घरात असं आमेन कुणी म्हटलं नव्हतं.

आम्ही हात धूत होतो तेव्हा गाडी आली. वरातीमागून घोडं, एसी लावलेलं. सेक्रेटरीसाहेब उतरले, डोक्यावर टोपी चढवली, दुःख चेहऱ्यावर आणलं, आणि काखेतून एक छापील फॉर्म काढला. अंत्यविधीचा अहवाल. नाव, वय, वेळ सगळं भरत गेले. मग पेन थांबलं. त्यांची नजर पांढऱ्या टोपीवर गेली होती.

"उपस्थित पुरुष किती होते?"

"आपल्यात माणसं मोजत नाहीत साहेब."

"हजानसाहेब, हा रकाना भरावाच लागतो. किती होते?"

"तेच तर सांगतोय. वाक्य पुरं झालं. कोण, किती ते मी पाहत नाही. दहावा आणायचं काम तुमच्याकडं होतं, तुम्हीच लिहा."

त्यांनी एकदा थावरूकडं पाहिलं, एकदा मावळलेल्या सूर्याकडं, एकदा स्वतःच्या सोबतच्या दोघांकडं. नऊ लिहावं तर दहावा कुठं होता हे वर सांगावं लागणार, आणि तो ढाब्यावर शेवभाजी खात होता. मग साहेबांनी स्वच्छ अक्षरात 'दहा' लिहिलं, खाली सही ठोकली आणि गाडीत जाऊन बसले. माझं नाव यादीत अजून आहे. काढायचं तर त्यांच्याच सहीचं ते पान उघडावं लागेल.

सगळे गेल्यावर थावरू आणि मी फाटकाशी उभे होतो. त्यानं टोपी काढली, घडी घातली, माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडं, बाईच्या वर्सीला लागेल.

"सायबानं कागदावर काय लिवलं?"

"दहा."

तो हसला. मग हसू थांबलं, आणि टोपी खिशात घालता घालता त्यानं मला विचारलं, "मंग मला दोन वर्सं घरी काहून बसवलंत, शिमसनभाऊ?"